जंगलातल्या चढांसाठी गिअर आणि टायर

चढउतार: सायकलवर सामान लादून डोंगराळ जंगलातल्या, गाड्या नसलेल्या कच्च्या वाटांवर चार दिवस जायचंय. पुढच्या दोन चकत्या ५०/३४ दातांच्या, मागच्या ११ ते २८ दातांच्या, टायर २८ मिमी. चालेल का?

साखळीवाला: तुमचं सर्वांत हलकं गुणोत्तर ३४/२८ म्हणजे १.२. पाठीमागे १२ किलो आणि समोर १० टक्के चढ असेल तर गुडघे बोलू लागतील. सर्वांत हलकं गुणोत्तर १ च्या खाली हवं; ३०/३६ म्हणजे ०.८३. मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावण्याआधी मागच्या डिरेलरची, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची, क्षमता बघा, साखळीची लांबीही. आखूड साखळी पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर एकाच वेळी गेली की डिरेलर मोडू शकतो.

रानवाट: टायर किमान ४० मिमी, पण चिखलासाठी फ्रेममध्ये फट उरते का ते मोजा. हवा ३५-४५ पीएसआय, मागे थोडी जास्त. फार कमी ठेवलीत तर दगडावर रिम आपटून ट्यूबला जोडीनं भोकं पडतात.

चढउतार: ब्रेक रिमचे आहेत.

रानवाट: मग लांब उतारावर ते सतत दाबून ठेवू नका, रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी जोरात दाबा, मग सोडा. ओल्या पाल्यावर पुढचा ब्रेक जपूनच.

साखळीवाला: आणि टप्पे किलोमीटरवर आखू नका. सामानासह तासाला ३००-४०० मीटर चढाई धरा.