जळगावच्या केळी पट्ट्यात जुन्या वाड्यात राहायचंय, आईला घेऊन. कधी जावं?

यावलकडचा_पुण्यात

मंडळी, जरा मदत करा. माझ्या आईचं लहानपण यावलजवळ धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात गेलं, ते घर वाटणीत गेलं आणि मग पाडलंच. आता ती ७२ ची आहे आणि हल्ली रोज एकदा तरी तो विषय निघतो, बळदातल्या (घरातल्या धान्याच्या कोठारातल्या) ज्वारीचा वास, दिंडी दरवाजाचा अडसर, तिचे आजोबा १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला बैलगाडीने गेले होते ते, सगळं. म्हणून तिला दोन रात्री अशा जुन्या वाड्यात न्यायचंय जिथे शेती खरोखर चालू आहे. नटवलेली बैलगाडी आणि स्विमिंग पूल असलेलं रिसॉर्ट नकोय. सोबत मुलं आहेत, ९ आणि ६ वर्षांची. शाळेमुळे मे सोयीचा पडतो. तिचे गुडघे दुखतात. बुक करताना काय काय विचारू?

धाब्यावरचा_वारा

दादा, आमचाच वाडा आहे रावेर तालुक्यात, पाहुणे ठेवतो म्हणून सांगतो, मे नको. पारा ४५ च्या पुढे जातो. वाड्यात खाली गार असतं, भिंती दोन-दोन हात जाड आहेत, पण सकाळी ९ नंतर मुलांना शेतात सोडता येत नाही आणि मग दिवसभर ती माजघरात बसून काय करणार. दुसरं म्हणजे मे-जूनमध्ये वादळी वारा सुटतो, एका रात्रीत उभी बाग आडवी होते, त्या दिवसांत आमचं निम्मं लक्ष आभाळाकडे असतं. त्यात पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकायचं काम निघतं, नाहीतर पाऊस थेट तुळयांत मुरतो. पाहुण्याकडे बघायला माणूसच उरत नाही हो.

डिसेंबर-जानेवारीत या. भरताची वांगी तेव्हाच खरी. तुरकाठ्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचायची, वरून कांद्याची पात आणि तेल, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. आई ओळखतील चव.

सातपुडा_पायथा

आम्ही मागच्या डिसेंबरात गेलो होतो, नाव लिहीत नाही. फोटोत वाडा दाखवला, नक्षीचे खांब, चौक, सगळं, आणि झोपायला दिली मागची नवीन स्लॅबची खोली, कारण म्हणे वाड्याचं धाबं गळतं. माझ्या वडिलांचं तोंड उतरलं ते मी विसरलेली नाही. म्हणून फोनवर सरळ विचारा, झोपायची खोली वाड्यातच आहे का, खालच्या मजल्यावर आहे का, संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की चौक ओलांडून जायचं, आणि कमोड आहे का. जुन्या वाड्यांचे जिने अंधारे आणि उभे असतात आणि उंबरे वीतभर उंच, गुडघेदुखीवाल्या माणसाला रात्री उठून जाणं फार अवघड पडतं.

पण शेत मात्र खरं होतं. पहाटेच उठून केळी कापणी बघितली. एकजण विळ्याने घड उतरवतो, दुसरा खांद्यावर गादी घेऊन खालीच उभा, घड जमिनीला टेकू देत नाहीत, कारण जरा जरी घासला तरी तो डाग नंतर काळा पडतो आणि भाव जातो. माझा मुलगा तासभर हलला नाही तिथून. कपडे मात्र जुने घाला, केळीचा चीक लागला की डाग जन्मात निघत नाही. दुपारी चांगदेवला गेलो, तापी-पूर्णेच्या संगमावर, तिथलं जुनं दगडी मंदिर निवांत बघता येतं.

आखाजीची_लेक

डिसेंबर चांगलाच, भरतासाठी मी पण तेच सांगेन. पण भाऊ, तुमच्या आईला एकदा आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं विचारून बघा. उन्हाळ्यातच येते, एप्रिलअखेर नाहीतर मेमध्ये, ऊन असतंच, ते खरंय. पण खान्देशातल्या बाईला माहेर म्हणजे आखाजी, गौराई, कडुनिंबाला टांगलेला झोका, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडा, दुपारभर माजघरात झोपा, रात्री धाब्यावर अंथरुणं टाका. फक्त यजमानांना आधी विचारा, कारण आखाजीला सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचे हिशोब होतात, नवीन साल ठरतं, घरात माणसांची ये-जा असते. ज्यांना चालेल त्यांच्याकडेच जा.

यावलकडचा_पुण्यात

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला दोन्ही सांगितलं. भरताचं ऐकून हसली, आखाजी म्हटल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, घर पाडल्यापासून मी आखाजीला कुठे गेलेच नाही रे.

तर आखाजीचं ठरतंय, उन्हाचं मी बघून घेईन. धाब्यावरचा_वारा दादा, तुमच्याकडे त्या दिवसांत पाहुणे चालत नसतील तर तसं सांगा, राग नाही. यावल, रावेर, चोपडा, कुठेही चालेल, वाड्यातलीच खालची खोली हवी. आणि दारात कडुनिंब आहे का तेवढं कळवा, तिने तेवढंच विचारलंय.