मदत हवी आहे: आबांना स्टेम सेलची इंजेक्शनं द्यावीत का?

नमस्कार मंडळी. आमच्या आबांनी उद्यमनगरात फौंड्रीत उभा जन्म काढला. आता फुफ्फुसाचा फायब्रोसिस (फुफ्फुसात व्रण पडून ते कडक होण्याचा आजार) निघालाय. रोज रंकाळ्याला फेरी मारणारा माणूस चप्पल घालतानाही मध्येच थांबून श्वास घेतो, बघवत नाही. त्यावरचं पिरफेनिडोन हे औषध चालू आहे.

एका दवाखान्यानं स्टेम सेलची (इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींची) इंजेक्शनं सुचवलीत, खर्च काही लाख. वायुकोशांतल्या (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतल्या) टाइप 2 पेशी विभागून टाइप 1 पेशी बनवतात, तशी जखम भरते, एवढं मला समजलंय. पण बाहेरून टोचलेल्या पेशी तिथं रुजतात का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या सूचनांनुसार हे फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे उपचाराच्या रुग्णांवरच्या चाचणीतच, चालतं. मग पैसे कसले?

कोल्हापूर, सांगली, पुण्यात नोंदणी झालेली ट्रायल कुणाला माहीत आहे का? घरात शेत विकायची बोलणी चाललीत, लवकर सांगा.