कॅलाथियाची पानं कडेने करपतायत, हवा की पाणी? मदत हवी आहे

ठाण्यात असताना नर्सरीतून कॅलाथिया ऑर्बिफोलिया आणलं होतं. तिथे फारसं काही न करता वाढलं. ताटलीएवढी पानं, त्यावर रुपेरी पट्टे, घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा. गेल्या जूनमध्ये आम्ही पुण्यात आलो. पावसाळाभर झाड मजेत होतं, पण फेब्रुवारीपासून कडा करपायला लागल्या. आधी टोकं गेली, आता अख्खी कड तपकिरी झालीय, हात लावला की पापडासारखी मोडते. नवीन पान केळीसारखं सुरळी होऊन येतं आणि अर्ध्यावर अडकतं. परवा मी शहाणपणा करून बोटाने उलगडायला गेले, तर फाटलंच.

पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फूट आत ठेवलंय, थेट ऊन नाही. वरची माती बोटभर सुकली की पाणी. दिवसातून दोनदा स्प्रे. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर आणलं, ते दुपारी २२ टक्के दाखवतं. लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) असेल म्हणून पानांमागून पांढरा टिश्यू फिरवला, डाग नाही, जाळीही नाही. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो, पण खत तर डिसेंबरपासून घातलेलं नाही. पाण्याचा प्रश्न नसावा, कारण सासूबाई आरओचं पाणी बादलीत धरून झाडांना घालतात.

ह्युमिडिफायर घेऊ का? पैसे घालण्याआधी विचारते.

प्रतिसाद: थांबा, बादलीत धरलेलं म्हणजे मशीनच्या बारीक नळीतून सोडलेलं ना? मशीन जे क्षार वेगळे काढतं ते सगळे त्याच पाण्यात जातात, म्हणजे ते नळाच्या पाण्याहूनही जड. तो पांढरा थर त्याचाच. पानातून पाणी उडतं, क्षार कडेला साठतात आणि कड जळते. कुंडी मोरीत ठेवून तिच्या तिप्पट-चौपट गोडं पाणी सावकाश ओता, पूर्ण निथळू द्या. पुढे प्यायचं आरओ किंवा पावसाचं पाणी घाला. मी एसीचं घालते.

सुरळी अडकते ती मात्र कोरड्या हवेने. स्प्रेचा ओलावा थोड्याच वेळात उडून जातो. मे संपेपर्यंत बाथरूमच्या उजेडाच्या खिडकीत ठेवून बघा, ह्युमिडिफायरचं नंतर. करपलेल्या कडा परत हिरव्या होत नाहीत. कात्रीने कापा, पण तपकिरी रेघ केसभर ठेवून, हिरव्यात जाऊ नका.

धागाकर्ती: हो, त्याच नळीचं! शेजाऱ्यांचं टीडीएस मीटर आणलं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. नळ ३४०, बादली ७१०, प्यायचं ४५. आकडे सासूबाईंना दाखवले, तर त्यांचा पहिला प्रश्न, "अगं, मग माझ्या तुळशीचं काय?" तिलाही तेच पाणी जातंय. तिची कुंडीपण धुवायची का?