मेनिएरवर थांबू नका, एमआरआय करून घ्या

ताई, तुमच्या भावाला एका कानाने कमी ऐकू येतं, कानात शिट्टी वाजते, मधूनच गरगरतं, आणि निदान ‘मेनिएर’, म्हणजे आतल्या कानाचा एक आजार. वर एकांनी एमआरआय म्हणजे उगाच खर्च असं लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. मेनिएरच असण्याची शक्यता जास्त, कबूल. पण आतल्या कानाच्या एंडोलिम्फॅटिक सॅकची (तिथल्या द्रवाच्या छोट्या पिशवीची) गाठ हुबेहूब हीच लक्षणं दाखवते. फार दुर्मीळ, वाढते सावकाश, पण शेजारचं हाड पोखरत जाते. सीटीत ते हाड वाळवी लागल्यासारखं दिसतं. गाठ बारीक असतानाही आत रक्तस्राव होऊन ऐकू येणं अचानक जाऊ शकतं. म्हणून ‘वर्षभर बघू’ हे धोरण नको. एमआरआय कॉन्ट्रास्टसहितच, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊनच करा.

उपचार म्हणजे ऑपरेशन करून गाठ पूर्ण काढणं. तिला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे मोठी असेल तर आधी रक्तवाहिन्या बंद करून घेतात.

आणि गाठ निघालीच तर व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजाराची जनुकीय तपासणी हवीच. त्यात डोळ्यांचा पडदा, मेंदू, किडन्या, त्यांच्या वरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी, सगळीकडे गाठी होऊ शकतात. अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ आहे का, ते कानाच्या ऑपरेशनच्या आधीच बघतात, कारण तिथे फिओक्रोमोसायटोमा (बीपी वाढवणारी संप्रेरकं सोडणारी गाठ) असेल तर भूल देताना बीपी जीवघेणं चढू शकतं.

घरात कुणाला कमी वयात किडनीची किंवा मेंदूची गाठ झाली होती का? असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी तेच सांगा.