धोंडू, दगडू, भिकू : तुमच्या घरातल्या नावांमागची गोष्ट सांगा

माझे आजोबा धोंडू. त्यांच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली. पाचवं तरी जगावं म्हणून पणजीने त्याला दगडाचं नाव दिलं. धोंड्याला दृष्ट लागत नाही, धोंड्याला मरण नाही. शाळेत धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले (१८५८ ते १९६२) हे वाचलं, तेव्हा मी धावत जाऊन आजोबांना सांगितलं होतं. तुमच्याकडे असं कुणी असेल तर लिहा. ही नावं आता कुणी ठेवत नाही, निदान गोष्टी तरी राहू देत.

*

आमचे नथूकाका. नवसाचे. मुलगा आहे हे सटवीला कळू नये म्हणून बाराव्या दिवशी नाक टोचून मुलीसारखी नथ घातली. काका ऐंशीचे झाले तरी डाव्या नाकपुडीवर तिळाएवढं भोक दिसायचं. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून त्यावर बोट ठेवायचे.

*

प्रत्येक धोंडूमागे मेलेली भावंडं नसतात हं. माझी आत्या धोंडाबाई, कारण जन्म अधिक महिन्यातला, म्हणजे धोंड्याच्या महिन्यातला. तो महिना आला की जावयाला अनारसे आणि आत्याला नवं लुगडं, हे आमच्याकडे ठरलेलं.

*

माझे वडील धुंडिराज. हे काशीच्या गणपतीचं नाव, दादासाहेब फाळक्यांचंही हेच. शाळेच्या दाखल्यावर कुणीतरी धोंडीराम लिहिलं आणि पेन्शनच्या कागदापर्यंत तेच चाललं. वडिलांना ते शेवटपर्यंत लागलं होतं. सही मात्र ते धुंडिराज अशीच करायचे, ‘धुं’वरचा अनुस्वार ठसठशीत.

*

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझ्या मावशीचं नाव नकुसा. चौथी मुलगी. तुमच्या धोंडू-भिकूंच्या नावात ‘जग रे बाबा’ आहे. तिच्या नावात ‘पुरे’ आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून जास्त नकुशांना समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली. त्या मुली टीव्हीवर दिसल्या, ती भाकरी थापता थापता थांबली आणि एवढंच म्हणाली, “बरं झालं पोरींचं.” तिच्या आधार कार्डावर अजून तेच नाव आहे. आम्ही भाचरं तिला माई म्हणतो.