'आठवड्याचं शिबिर पुष्कळ झालं' म्हणणाऱ्या गुरुजींना

रेघोटी :

परवा 'निवृत्त गुरुजी' यांनी इथे लिहिलं की, सोलापुरात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं, लिहिणं, आकडे यांत अडणाऱ्या मुलांना शिकवण्याचा, पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू व्हावा ही मागणी म्हणजे शिक्षकांच्या खिशाला नवी कात्री. त्यांचं वाक्य असं : "वाचता न येणाऱ्या पोराशेजारी बसायला माणूस लागतो, पदविका लागत नाही. आठवड्याचं शिबिर पुष्कळ झालं." खाली लगेच होकाराची रांग लागली. मी याच कामात आहे, पदव्युत्तर पदविका मुंबईला राहून केली, त्यामुळे गप्प बसवेना. प्रतिसादात मावलं नाही म्हणून वेगळा धागा.

गुरुजी, माणूस हवा हे मान्य. पण शेजारी बसून तो करणार काय? माझ्याकडे चौथीतला एक मुलगा येतो. उजनीचं पाणी सोलापूरला कसं येतं हे तो तोंडी असं सांगतो की ऐकत राहावं. तीच माहिती वाचायला दिली की पहिल्याच ओळीला घाम फुटतो. 'सूर्य'चं 'सुरय' होतं, 'पुस्तक'चं 'पुतक'. 'दिवस'मधल्या वेलांटीशी अडतो, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि म्हणायची असते नंतर. शाळेत त्याला चुकलेला प्रत्येक शब्द वहीभर लिहायला लावत. त्यातून 'पुस्तक' तेवढं चित्रासारखं पाठ झालं. 'मस्तक' समोर आलं की पुन्हा तिथेच घोडं अडतं.

शिकलेला माणूस आधी वही मिटतो. "कमळ म्हण. आता त्यातला क काढ. काय उरलं?" 'मळ' येतं का, आणि यायला किती वेळ लागतो, हे बघतो. मग रंगांची, चित्रांची नावं भरभर सांगायला लावतो. मग 'टबूक', 'मोशिळ' असे अर्थ नसलेले शब्द वाचायला देतो, कारण ते पाठ असूच शकत नाहीत. पोरगं अक्षर फोडून वाचतंय की अंदाजाने ठोकतंय, ते तिथे उघड होतं. मग एक उतारा आपण वाचून दाखवायचा, एक त्याने वाचायचा, दोन्हींवर प्रश्न. ऐकलेल्याची सगळी उत्तरं आली आणि वाचलेल्याचं एकही नाही, तर समज शाबूत आहे, अडचण वाचनात आहे. पुढे कोणती अक्षरं आधी, जोडाक्षरं कधी, एका दिवशी किती, हा सगळा क्रम यावरून ठरतो. शिवाय मराठीत बहुतेक शब्द लिहितो तसे वाचतो, त्यामुळे इथला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, चुकांपेक्षा संथपणातून जास्त दिसतो. इंग्रजीवरून बेतलेली यादी घेऊन बसलात तर असं पोर 'जरा हळू आहे' म्हणून निसटतं. माझे धडे मागे बसून कुणी तपासले, माझे अहवाल लाल करून परत दिले, तेव्हा मला हे जमायला लागलं. आठवड्याच्या शिबिरात हे कसं व्हावं?

बी.एड. दोन वर्षांचं झालं, पण त्यात समावेशक शिक्षण एखाद्या पेपरापुरतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता घातली. हक्क कागदावर आला, त्या मुलांना शिकवायचं कुणी?

निवृत्त गुरुजी :

ताई, तुमची तळमळ दिसते. पण माझी हयात मंगळवेढ्याकडच्या जिल्हा परिषद शाळांत गेली. पोरांना वाळूत बोटाने अक्षर गिरवायला लावायचो, चिंचोके मांडून वेलांटी काढायचो, हवेत हात फिरवत मोठ्याने म्हणायला लावायचो. आज त्याला तुम्ही बहुसंवेदी पद्धत म्हणता आणि तिची फी पडते. आम्ही ती बिनफीची केली.

दुसरं, अध्ययन अक्षमता नेमकी दहावीचा फॉर्म भरतानाच कशी आठवते? तासाला वीस मिनिटं जादा, लेखनिक, शुद्धलेखनाला माफी. ज्याची ऐपत तो प्रमाणपत्र आणतो. वाडीवरच्या मेंढपाळाच्या पोराला कुणी आणून दिलं? तुमच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणारे विजापूर रोडला खासगी वर्ग काढतील. मोहोळच्या शाळेत कुणी जाणार नाही.

जुळे सोलापूरची आई :

गुरुजी, 'ऐपत आहे तो आणतो' हे वाक्य मागे घ्या. माझ्या लेकीचं प्रमाणपत्र बाजारातून आणलेलं नाही. २०१८च्या नियमांत आठ वर्षांच्या आधी ते मिळायचंच नाही, पुढे चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा. एका रुग्णालयातून दुसरीकडे, तिथून परत पहिलीकडे. नाव घेत नाही. दरवेळी रजा, दरवेळी पोरीने अनोळखी माणसांपुढे अडखळत वाचून दाखवायचं. ती बाहेर येऊन विचारायची, "आई, मी नापास झाले का गं?"

'त्रेचाळीस' म्हटलं की ती ३४ लिहायची, कारण मराठीत तीन आधी ऐकू येतो. बाई म्हणायच्या लक्ष नसतं. हे आकडे असे उलटे का पडतात हे ओळखणारी एक व्यक्ती भेटेपर्यंत पाचवी उजाडली. आणि आठवड्याच्या शिबिरवाल्यांचाही अनुभव घेतलाय. त्यातल्या एकाने तिला रंगीत काचांचा चष्मा घ्यायला लावला. अक्षरं स्थिर दिसतील म्हणे. पैसे गेले, पोरीला वर्गात चिडवलं ते वेगळंच.

फिरता शिक्षक :

सगळ्यांनी जरा माझंही ऐका. माझ्याकडे विशेष बी.एड. आहे, विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत कंत्राटी. आज एक गाव, उद्या दुसरं, मोटरसायकलचं पेट्रोल निम्मं खिशातून. माझ्या यादीत अंध, कर्णबधिर, बहुविकलांग, मतिमंद, सगळे. डिस्लेक्सियाचं पोर या यादीत शेवटी, कारण ते चालतं, बोलतं, दिसायला ठीक असतं. त्याला आठवड्यातून तीनदा अर्धा तास पाहिजे. मी महिन्यातून कधीतरी पोचतो.

२०२१ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरामागे एक. २०२४ला राज्याने शाळांच्या गटाला, म्हणजे केंद्राला, एक अशी ४,८६० पदं मंजूर केली. म्हणजे एका केंद्रात एक माणूस, आणि केंद्रात शाळा किती ते गुरुजींना ठाऊक आहे. ताई, तुम्ही आणखी पदव्युत्तर माणसं तयार करा म्हणता. आधी आहेत त्यांना कायम करा की. पदवीवर पदवी घेऊन मी मानधनावरच राहणार असेन तर कशाला घेऊ?

पार्क चौक :

मानसशास्त्र शिकवतो म्हणून एक आडवा मुद्दा. इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठाचे ज्युलियन इलियट गेली कित्येक वर्षं सांगताहेत की, वाचनात अडणाऱ्या मुलांतून 'खरे डिस्लेक्सिक' वेगळे काढण्याने शिकवण्यात फारसा फरक पडत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला लगेच नीट शिकवा, शिक्का नंतर बघू. ते मानलं तर गुरुजींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

रेघोटी :

पार्क चौक, त्याच देशात डिस्लेक्सियावरच्या २००९च्या रोझ अहवालानंतर सरकारने चार हजार शिक्षकांच्या विशेष प्रशिक्षणाला पैसे दिले, हेही सांगा की. आणि 'लगेच नीट शिकवा' मधलं 'नीट' येतं कुठून? शिक्क्याचा वाद बाजूला ठेवला तरी ते शिकावंच लागतं.

गुरुजी, वाळू चांगली आहे, मीही वापरते. पण कोणतं अक्षर आधी, 'प' नि 'ष' एकाच आठवड्यात घ्यायचे की नाही, आणि महिन्याने मूल पुढे सरकलं का हे मोजायचं कसं, ते वाळू सांगत नाही.

पूर्वभाग :

सगळे मराठीतल्या 'कमळ'वर बोलताय. अशोक चौकाच्या पलीकडे या जरा. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं पद्मशाली घरातली, घरी तेलुगू. आई विड्या वळते, वडील लूमवर. पोरगं पहिलीत येतं तेव्हा मराठी त्याची दुसरी भाषा, दुकानात ऐकलेली तेवढीच. ते 'खडू'ला 'कडू' लिहितं, 'भाकर'ला 'बाकर', कारण घरच्या बोलीत ख आणि भ जोराने म्हणतच नाहीत. मग शिबिर करून आलेले येतात, यादीवर टिचक्या मारतात, 'संशयित एलडी', म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता. एका वर्षी माझ्या वर्गातली इतकी पोरं त्या यादीत गेली की पालक शाळेत भांडायला आले. आमची पोरं अक्षम नाहीत ओ, तेलुगू आहेत!

लूमवाला :

मीही पूर्व भागातलाच, माझं शिक्षण मराठीतच झालं. आईवडिलांनी घरात मराठी बोलायला सुरुवात करावी, प्रश्न मिटतो. किती दिवस तेलुगूचं कौतुक करणार?

पूर्वभाग :

घरात मराठी बोला? ज्या आजीला मराठी येत नाही तिने नातवाशी मुकं राहायचं का? पोराची भाषा तोडून त्याला वाचायला शिकवणार? तुम्ही शिकलात, चांगलं झालं. तुमच्याबरोबर पहिलीत असलेले किती जण सातवीच्या आत लूमवर गेले, तेवढे आठवून लिहा.

लूमवाला :

गेले ते गरिबीने गेले, भाषेने नाही. उगीच भावनेला हात घालू नका.

फिरता शिक्षक :

दोन्ही एकत्रच येतात, दादा. अक्कलकोटकडे कन्नडचं हेच बघतो. पोरगं मराठी शाळेत मुकं, घरी आजोबांना कन्नडात अख्खा बाजार सांगतं.

निवृत्त गुरुजी :

बघा, मी हेच म्हणत होतो. शिक्के मारणाऱ्यांची फौज तयार होणार आणि चुकीच्या पोरांवर शिक्के बसणार. पूर्वभागबाईंनी माझाच मुद्दा मांडला.

पूर्वभाग :

नाही गुरुजी, तुमचा नाही मांडला. यादीवर टिचक्या मारणारे आठवड्याच्या शिबिराचे होते.

रेघोटी :

पूर्वभाग, हा मुद्दा मी आधीच घ्यायला हवा होता असं कुणी म्हणेल, पण माझ्या मते अभ्यासक्रम हवा याचं सगळ्यात मोठं कारण तुमच्याच वर्गात आहे. दुसऱ्या भाषेमुळे अडलेलं पोर आणि डिस्लेक्सियामुळे अडलेलं पोर बाहेरून सारखंच दिसतं. वेगळं कसं करायचं? घरच्या भाषेत विचारून, तेही तोंडी. तेलुगूत पाटीला पलक म्हणतात ना? "पलक म्हण, प काढ." पोराने चटकन 'लक' म्हटलं, आणि घरच्या भाषेतली गोष्ट नीट सांगितली, तर त्याला मराठी ऐकायला-बोलायला भरपूर द्यायचं आणि वाचनाला वेळ द्यायचा. तेलुगूतही ते तिथेच अडत असेल, बोलायलाही उशिरा लागलं असेल, घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास असेल, तर मात्र वाट बघायची नाही. 'कडू-खडू' ही घरच्या उच्चाराची चूक आहे, 'पुतक' ही वेगळी. दोघांना एकाच यादीत टाकणं हा त्या पोरांवर अन्याय आहे.

आणि साधनांचं म्हणाल, तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली डाली हे तपासणीचं साधन काढलं ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. अक्कलकोटच्या पोराची त्यात सोय झाली. पूर्व भागाची तेलुगू त्या चारांत नव्हती. सोलापुरात अभ्यासक्रम हवा म्हणते तो यासाठी. मुंबईत मला मराठी-इंग्रजी शिकवलं. तीन-चार भाषांच्या वर्गाचं शिक्षण याच गावात घडू शकतं, कारण तो वर्ग इथे आहे.

पार्क चौक :

हे पटलं. इलियटांचा मुद्दा सोडत नाही, पण घरच्या भाषेत तोंडी तपासणं हे शिक्का मारण्यापेक्षा वेगळं काम आहे, एवढं मानतो.

लूमवाला :

तपासा तेलुगूत, माझी ना नाही. पण शिकवायचं मराठीतच. यावर मी हटणार नाही.

पूर्वभाग :

शिकवा मराठीतच, तुम्हाला कुणी अडवलं? आधी ऐका एवढंच म्हणते.

जुळे सोलापूरची आई :

भाषेवरच किती वेळ चाललंय. प्रमाणपत्रावर गुरुजी अजून काही बोलले नाहीत.

निवृत्त गुरुजी :

बोलतो. बाई, तुमच्या मुलीबद्दल माझं वाक्य नव्हतं, आणि तुम्हाला लागलं असेल तर तेवढ्यापुरतं मागे घेतो. दहावीला खोटी प्रमाणपत्रं येतात हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय, ते मागे घेणार नाही.

अभ्यासक्रमाचं सांगायचं तर, सेवेतल्या शिक्षकाला पगारी रजा देऊन पाठवणार असाल, फी सरकार भरणार असेल, आणि सरावाचे धडे जिल्हा परिषदेच्या आणि पूर्व भागातल्या शाळांत घेणार असाल, तर माझा विरोध नाही. फी भरून, नोकरी सोडून, मुंबईला राहून करायचा असेल तर तो पुन्हा ऐपतवाल्यांचाच. आणि ज्याला वर्गात चाळीस पोरं आहेत त्याला शिबिर तरी द्या, कारण तुमचा पदव्युत्तर माणूस त्याच्यापर्यंत पोचायला पुढची पिढी उजाडेल.

फिरता शिक्षक :

पगारी रजा कायम शिक्षकाला. कंत्राटीला रजा घेतली की मानधन कापतात. गुरुजी, ही अट मांडताना आमचंही नाव घाला.

रेघोटी :

गुरुजींच्या तिन्ही अटी मला मान्य, कंत्राटी शिक्षकांची चौथी धरून. शिबिरही घ्या, पण त्यातून बाहेर पडणाऱ्याने 'या पोराला नीट तपासायला पाठवा' एवढंच म्हणायचं, कागदावर एलडी लिहायचं नाही. एवढं ठरलं तर शिबिराला माझी हरकत नाही.

पूर्वभाग, तेलुगू शब्दांची यादी करायला मदत कराल का? तीन-चार अक्षरी, रोजच्या वापरातले, पहिला तुकडा काढल्यावर उरलेलं सहज म्हणता येईल असे.

पूर्वभाग :

करते. पलक, चिलुक म्हणजे पोपट, वंकाय म्हणजे वांगं. पण इथली तेलुगू पुस्तकातली नाही, हैदराबादहून छापील यादी आणली तर आमची पोरं अर्धे शब्द ओळखणार नाहीत. विडी घरकुलातल्या चार आज्यांना बसवून शब्द काढू. तपासायला मात्र तुम्ही स्वतः यायचं, टिचक्या मारायला दुसरं कुणी पाठवायचं नाही.