ट्रान्समीटर सेट करायचं सॉफ्टवेअर इतकं सोपं असावं का?

लूपवाला (लोटे परशुराम)
आमच्या प्लांटमध्ये सध्या यावरून वाद चालू आहे. नवीन प्रेशर आणि लेव्हल ट्रान्समीटर (दाब आणि पातळी मोजून कंट्रोल रूमला सिग्नल पाठवणारी उपकरणं) मोबाइलवरून ब्लूटूथने सेट होतात; विझार्ड विचारत जातो, आपण उत्तरं द्यायची. जुनी मंडळी म्हणतात, याने पोरं बिघडतील. मला ते पटत नाही. जून ते सप्टेंबर इथे काय पाऊस असतो ते कोकणात काम करणाऱ्याला सांगायला नको. झाकण उघडलं की ओल आत जाते आणि टर्मिनल हिरवी पडतात. शिवाय सॉल्व्हंटच्या एरियात सप्लाय चालू असताना फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर येऊ न देणारं) झाकण उघडायचंच नसतं. खाली उभं राहून मोबाइलवर मोजमापाची रेंज वाचता आली तर ती चैन नाही, गरज आहे.

जुना इन्स्ट्रुमेंटवाला (महाड)
वाचायला हरकत नाही भाऊ, माझा विरोध बदलायला आहे. ओरिफिसवरचा डीपी ट्रान्समीटर घ्या, म्हणजे पाइपातल्या भोकाच्या चकतीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा; त्या फरकाचं वर्गमूळ काढलं की फ्लो मिळतो. विझार्ड विचारतो, “फ्लो मोजायचा आहे?” पोरगा “हो” म्हणतो आणि वर्गमूळ चालू होतं. पण तेच वर्गमूळ डीसीएसमध्ये (कंट्रोल रूमच्या संगणक प्रणालीत) आधीपासून असेल तर? खरा फ्लो ५० टक्के असताना डीपी २५ टक्के असतो. एकदा वर्गमूळ काढलं की ५० येतात, दोनदा काढलं की ७०.७. ऑपरेटर ते बघून व्हॉल्व्ह कमी करतो आणि रिअ‍ॅक्टरला माल कमी जातो. कुठेही अलार्म येत नाही, कारण ट्रान्समीटरच्या हिशेबाने सगळं बरोबर असतं.

लूपवाला
काका, ही चूक हँडहेल्डवरही (हातात धरून सेटिंग करायच्या यंत्रावरही) होतेच की. तिथे तर ट्रान्सफर फंक्शन (आउटपुट वर्गमूळ की सरळ लिनिअर, ही निवड) चार मेनू आत दडलेलं असतं. विझार्ड निदान समोर विचारतो तरी.

शटडाउनवाला (रोहा)
तुम्ही दोघंही एकाच मेकचा (कंपनीचा) विचार करताय. मी ठेकेदाराकडे आहे, एका शटडाउनमध्ये पाच-सहा मेकची डिव्हाइसेस हाताखालून जातात. प्रत्येकाचं अ‍ॅप सोपं, पण प्रत्येकाचं वेगळं! लॅपटॉपवर एकाचा डीटीएम (ड्रायव्हरसारखा प्रोग्राम) चालतो, दुसऱ्याला ईडीडी (डिव्हाइसचं वर्णन करणारी फाइल) लागते, लॅपटॉपला ट्रान्समीटरशी जोडणाऱ्या हार्ट मोडेमचा पोर्ट सापडत नाही, आणि कंपनीचा आयटी विभाग अ‍ॅडमिन पासवर्ड देत नाही. डीटीएम आणि ईडीडी या दोन वाटा एकत्र आणायला एफडीआय (फील्ड डिव्हाइस इंटिग्रेशन) आलं, आयईसी ६२७६९ या क्रमांकाने त्याचं मानकही आहे. पण जुन्या प्लांटमधल्या जुन्या डिव्हाइसेसना त्याचं पॅकेज मिळेलच असं नाही. आधी हा गुंता सोडवा, रंगीत स्क्रीन नंतर.

आयटीआय ट्रेनी (रत्नागिरी)
मी शिकाऊ आहे, तरी लिहितो. मला सर्वात उपयोग झाला तो नामूर (प्रोसेस उद्योगातल्या वापरकर्त्यांची संघटना) एनई १०७ शिफारशीतल्या, डिव्हाइसची स्थिती सांगणाऱ्या चार खुणांचा: बिघाड, तपासणी चालू, मर्यादेबाहेर, देखभाल हवी. ज्या मेकने त्या पाळल्या तिथे पहिल्याच दिवशी कळलं की धावायचं कधी आणि नोंद करून ठेवायचं कधी. सोपं म्हणजे मला हे वाटतं.

जुना इन्स्ट्रुमेंटवाला
हे मान्य, बाळा. बदल करण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. डॅम्पिंग (आकडा किती सावकाश बदलावा ती सेटिंग) वाढवून हलणारा आकडा शांत करणं मोबाइलवर दोन सेकंदांचं काम आहे, आणि मग खरा प्रेशर उसळला तरी उशिरा दिसतो. राइट प्रोटेक्ट (सेटिंग बदलू न देणारं कुलूप) लावा, पासवर्ड सुपरवायझरकडे ठेवा.

लूपवाला
पासवर्ड हवाच. आधीची आणि नंतरची व्हॅल्यू, तारीख आणि बदलणाऱ्याचं नाव अ‍ॅपने आपोआप नोंदवावं, हीही माझी मागणी. ते कागदावर कोणी लिहीत नाही. पण रात्रपाळीला एकटा असलेला टेक्निशियन सुपरवायझरची वाट बघत बसला तर प्लांट थांबेल.

जुना इन्स्ट्रुमेंटवाला
थांबू दे. आणि अ‍ॅप कुठलंही असो, लूप चेक (ट्रान्समीटर ते कंट्रोल रूम अशी पूर्ण साखळी तपासणं) सोडायचा नाही. कंट्रोलर मॅन्युअलवर टाका, ट्रान्समीटरमधून १२ मिलिअँपिअर (४ ते २० च्या सिग्नलचा मध्य, म्हणजे ५० टक्के) फोर्स करा. कंट्रोल रूममध्ये फ्लो ५० टक्के दिसला तर वर्गमूळ ट्रान्समीटरमध्ये हवं. ७०.७ दिसला तर ते डीसीएसमध्ये आहे, ट्रान्समीटर लिनिअर ठेवा. हे केल्याशिवाय मी सही करत नाही.